वागळे इस्टेटच्या गाळ्यातला पीसी आणि पायथन: जीयूआय टूलकिट कसं निवडायचं

पायथन बऱ्यापैकी हातात बसलं की ठाण्यातल्या मुलामुलींकडे पहिलं काम येतं ते बहुतेक वेळा ओळखीतून. वागळे इस्टेटमध्ये मामांचा किंवा वडिलांच्या मित्राचा गाळा असतो, जॉबवर्क चालू असतं, आणि "आमच्या इनवर्ड-आउटवर्डचं काहीतरी कर रे, एक्सेलमध्ये कोणाचा माल कुठे आहे तेच कळत नाही" अशी मागणी येते. आकडे जुळवणारी स्क्रिप्ट तुम्ही एका बैठकीत लिहाल. पण स्टोअरमधला माणूस काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करणार नाही. त्याला चौकटी, बटणं, यादी आणि 'प्रिंट' लिहिलेली एक जागा हवी.

अशा खिडक्या, चौकटी आणि बटणं बनवून देणारी तयार लायब्ररी म्हणजे जीयूआय टूलकिट. मग तिची शोधाशोध सुरू होते आणि दहा-बारा नावं समोर येतात. त्यांची तुलना बहुधा दिसण्यावर केलेली असते: कुठलं आधुनिक वाटतं, कुठल्यात डार्क मोड आहे. माझं मत उलटं आहे. गाळ्यातल्या कामासाठी दिसणं सगळ्यात शेवटी बघायचं. आधी पीसी कुठला, मराठी नीट उमटते का, कागद कसा छापला जातो, एन्ट्री करणाऱ्याचा हात कसा चालतो आणि परवाना काय म्हणतो, हे तपासायचं. एवढं तपासलं की यादीतली बरीचशी नावं आपोआप गळतात.

उदाहरण म्हणून एक गाळा धरू. पार्टीकडून शाफ्ट आणि ब्रॅकेट येतात, टर्निंग-ड्रिलिंग होतं, काही माल ॲनोडायझिंगला बाहेर जातो, परत येतो आणि चलानवर पार्टीला रवाना होतो. पीसी एक, एन्ट्री करणारा एक, आणि शेठ संध्याकाळी येऊन यादी बघणार.

पहिली पायरी: टूलकिटचं नाव न काढता कामाची यादी करा

गाळ्यात जाऊन बसा आणि आत्ता काय चालतं ते बघा. रजिस्टरचे रकाने, चलान बुकाचा नमुना, एक्सेलची फाइल, या सगळ्यांचे फोटो काढा. त्यातून तुमचे स्क्रीन ठरतात.

आपल्या उदाहरणात तीन स्क्रीन पुरतात. एक, माल आत घेण्याची एन्ट्री. दोन, माल बाहेर देण्याचं चलान. तीन, शिल्लक मालाची यादी. ही यादी सगळ्यात महत्त्वाची, कारण जीएसटीच्या नियमानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत जावा लागतो आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत. साचे, डाय, जिग आणि फिक्श्चर यांना ती तीन वर्षांची अट नाही. म्हणजे यादीत प्रत्येक लॉटचं वय दिसायला हवं आणि मुदत जवळ आली की ती ओळ रंगीत व्हायला हवी. चलानही तीन प्रतींत लागतं: एक माल घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक पाठवणाऱ्याकडे.

आता टूलकिटकडून काय हवं ते नेमकं सांगता येतं. हजारो ओळींची, रंग देता येणारी, रकान्यावर क्लिक करून क्रम बदलता येणारी यादी हवी. भराभर टाइप करता येणारा फॉर्म हवा. भरवशाची छपाई हवी. ॲनिमेशन, गोल कोपरे, सरकणारे मेनू यातलं काहीही या यादीत नाही.

आणखी एक प्रश्न इथेच विचारून घ्या: हा प्रोग्राम उद्या दुसऱ्या पीसीवर एकाच वेळी चालवायचा आहे का? उत्तर 'हो' असेल तर पुढचा रस्ताच बदलतो, त्याबद्दल खाली सांगतो.

दुसरी पायरी: त्या पीसीची जन्मपत्रिका

तुमचा लॅपटॉप आणि गाळ्यातला पीसी यांच्यात दहा वर्षांचं अंतर असू शकतं. चार गोष्टी लिहून आणा: विंडोजची आवृत्ती, ३२ बिट की ६४ बिट, रॅम किती, आणि स्क्रीनचं रिझोल्यूशन.

विंडोज ७ दिसलं तर थांबा. पायथनची ३.८ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती; ३.९ पासून विंडोज ७ चा आधार काढला गेला. क्यूटी ६ या टूलकिटला (यांची ओळख तिसऱ्या पायरीत) तर किमान विंडोज १० लागतं, आणि तो पायथनमधून वापरायच्या पायसाइड६ ची तयार पॅकेजेस ३२ बिट विंडोजसाठी मिळत नाहीत. म्हणजे जुन्या पीसीवर तुमच्याकडे उरतं पायथन ३.८ सोबत टीकिंटर किंवा क्यूटी ५ च्या काळातलं पायक्यूटी५. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच थांबवला आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्यामुळे शेठना पीसी बदलायला सांगणं हा पहिला पर्याय. ते शक्य नसेल तर पायथनचा हट्ट सोडून सी शार्प ही मायक्रोसॉफ्टची भाषा आणि तिचं विनफॉर्म्स हे टूलकिट यांच्याकडे बघा. ते ज्यावर चालतं ते डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ वरही चालतं आणि विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत आधीच बसवलेलं असतं. पायथनप्रेमींना हे रुचणार नाही, पण गाळ्याला पायथन नको आहे, चलान हवं आहे.

रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ असेल तर तुमचा मोठ्या मॉनिटरवर बनवलेला फॉर्म खाली कापला जाईल आणि नेमकं 'सेव्ह' बटण टास्कबारखाली लपेल. डिझाइन करतानाच विंडो तेवढीच ठेवा. उलट नव्या लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असतं. तिथे टीकिंटरची अक्षरं धुरकट दिसतात, कारण प्रोग्राम 'डीपीआयची जाणीव आहे' असं विंडोजला आपणहून सांगत नाही. पायथनच्या सीटाइप्स मॉड्यूलमधून विंडोजचं एक फंक्शन सुरुवातीलाच बोलावून ते सांगावं लागतं. क्यूटी ६ मध्ये ही सोय मुळातच चालू असते.

तिसरी पायरी: उमेदवारांची ओळख

टीकिंटर पायथनसोबतच येतं. त्याच्यामागे आहे टीसीएल-टीके, जे जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलेत सुरू केलं. टीसीएलचा जन्म १९८८ चा. विंडोजवर पायथन बसवलं की टीकिंटर हजर, उबुंटूवर मात्र ते वेगळं पॅकेज म्हणून घ्यावं लागतं. जुनाट दिसतं ही तक्रार अर्धी खरी आहे: टीटीके नावाचा नवा विजेट-संच (विजेट म्हणजे बटण, चौकट, यादी असे घटक) वापरला तर विंडोजवर ते पुष्कळ नीटनेटकं दिसतं. कस्टमटीकिंटर त्यावर आणखी रंगरंगोटी करतं, पण आतलं इंजिन तेच, आणि त्याच्या मर्यादाही त्याच.

क्यूटी नॉर्वेतल्या ट्रोलटेकचं, पहिली आवृत्ती १९९५ ची. ट्रोलटेक २००८ मध्ये नोकियाने घेतली, आणि पुढे २०१२ मध्ये क्यूटी डिजियाकडे गेलं. पायथनमधून ते वापरायचे दोन दरवाजे आहेत: रिव्हरबँक कंपनीचं पायक्यूटी आणि क्यूटी कंपनीचं स्वतःचं पायसाइड. दोघांचे क्लास आणि फंक्शन जवळजवळ सारखेच. फरक परवान्यात आहे, त्याचा स्वतंत्र विचार पुढे केला आहे.

डब्ल्यूएक्सपायथन ज्यावर उभं आहे ते डब्ल्यूएक्सविजेट्स १९९२ मध्ये एडिनबरा विद्यापीठात सुरू झालं. ते प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची मूळ बटणं वापरतं, म्हणून विंडोजवर ते अस्सल विंडोजसारखं दिसतं. विंडोजवर बसवायला सोपं, पण लिनक्ससाठी तयार पॅकेज पायपीआयवर नसल्यामुळे तिथे बिल्ड होण्याची वाट बघत बसावं लागतं.

जीटीके लिनक्सवर उत्तम, विंडोजवर बांधून द्यायला कटकटीचं. गाळ्यासाठी मी त्याचा विचार करत नाही. किवी मूळचं टच स्क्रीनसाठी. फ्लेट हे फ्लटरवर बेतलेलं आहे, दिसायला छान, पण अजून झपाट्याने बदलतंय. नाइसजीयूआय आणि तत्सम लायब्ररी ब्राउझरमध्ये स्क्रीन दाखवतात.

पायसिंपलजीयूआयबद्दल मात्र दोन शब्द. हे खूप लोकप्रिय होतं, नवशिक्यांना पहिलं तेच सुचवलं जायचं. २०२४ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर त्याचा परवाना बदलला आणि व्यावसायिक वापराला पैसे लागू लागले. ज्यांचे प्रोग्राम त्यावर उभे होते त्यांची धावपळ झाली. टूलकिट कोणाच्या हातात आहे, एका माणसाच्या की मोठ्या समूहाच्या, हे आधी बघायचं ते यासाठी.

चौथी पायरी: मराठीची परीक्षा

परदेशी तुलनांमध्ये ही कसोटी कधीच नसते, आणि आपल्यासाठी ती निर्णायक ठरते. चलान इंग्रजीत असलं तरी पार्टीचं नाव, पत्ता, कामगारांची नावं, शेरा हे मराठीत लिहिलं जातं.

देवनागरी अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही. 'कि' मध्ये वेलांटी साठवली जाते क नंतर आणि दिसावी लागते आधी. 'क्ष', 'त्र', 'ष्ट्र' ही जोडाक्षरं फॉन्टमधल्या नियमांनी घडवावी लागतात. हे काम करणारं इंजिन टूलकिटमध्ये असतं किंवा नसतं. क्यूटीत हार्फबझ असतं, जीटीकेमध्ये पँगो आणि हार्फबझ, डब्ल्यूएक्सपायथन ते काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवतं. ब्राउझरमध्ये तर प्रश्नच येत नाही.

टीके ८.६ चं गणित वेगळं. विंडोजवर अक्षरं विंडोज स्वतः जुळवतं, म्हणून लेबल ठीक दिसतं. पण टीकेला प्रत्येक काना, मात्रा, हलन्त हे स्वतंत्र अक्षर वाटतं, त्यामुळे एन्ट्रीच्या चौकटीत बाणाची कळ दाबली की कर्सर जोडाक्षराच्या पोटात जाऊन बसतो. लिनक्सवर तर टीके अक्षरं जुळवतच नाही. 'ठाण्याच्या' हा शब्द उघड्या हलन्तांसह विस्कटून येतो. म्हणून गाळ्यात विंडोज आणि मराठी मोजकीच असेल तर टीकिंटर चालेल, लिनक्स आणि मराठी असा योग असेल तर विचारही नको. खेळांच्या आणि आलेखांच्या दुनियेतलं डिअर पायजीयूआय अक्षरजोडणी करत नाही, किवीतही देवनागरी आधी तपासल्याशिवाय घेऊ नका.

परीक्षेसाठी एक ओळ ठरवून ठेवा आणि ती प्रत्येक टूलकिटच्या लेबलात, एन्ट्रीत, यादीच्या रकान्यात आणि छापील कागदावर टाका: 'कऱ्हाडच्या दुसऱ्या पार्टीचं ॲल्युमिनियम, सूर्यकांत, महाराष्ट्र, बँक, किंमत १२५'. या एका ओळीत अर्धा र, रफार, ॲ, चंद्रबिंदू, ऱ्हस्व वेलांटी आणि देवनागरी अंक सगळं येतं.

ही ओळ टाकली की आणखी काही गोष्टी उघड होतात. 'ऱ्ह' मधला अर्धा र दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: खाली टिंब असलेल्या 'ऱ' ला हलन्त लावून, किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडक चिन्ह लावून. कोणता प्रकार येईल ते कीबोर्डवर ठरतं. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना 'कऱ्हाड' सापडत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. सेव्ह करण्याआधी एकाच रूपात आणून ठेवा.

क्रम लावतानाही घोळ होतो. युनिकोडमध्ये 'ॲ' ला सगळ्या व्यंजनांच्या नंतर जागा मिळाली आहे, त्यामुळे साधा क्रम लावला की 'ॲल्युमिनियम' आणि 'ॲनोडायझिंग' यादीच्या तळाला जातात. 'ळ' येतो 'ल' च्या लगेच नंतर, आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर आहे. क्यूटीत भाषेप्रमाणे क्रम लावणारा क्यूकोलेटर आहे. तो मराठीवर चालवून बघा, नाहीतर स्वतःचं छोटं फंक्शन लिहा.

अंकांबद्दल एक सुखद गोष्ट: पायथनचं इंट फंक्शन '१२५' हे देवनागरी अंकही बिनतक्रार संख्येत बदलतं. एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा, पायथनसोबत येणारा डेटाबेस) मात्र तेच अंक मजकूर समजतं, म्हणून डेटाबेसमध्ये टाकण्याआधी पायथनमध्ये संख्या करून घ्या. लाख-कोटींचे स्वल्पविराम पायथनच्या नेहमीच्या फॉरमॅटने येत नाहीत, तो तीन-तीन आकड्यांचे गट करतो. त्यासाठी दहा ओळींचं फंक्शन लिहून सगळीकडे वापरा.

फॉन्टचा मुद्दा राहिला. विंडोज ८ पासून निर्मला यूआय मिळतो, त्याआधीच्या पीसीवर मंगल. कुठल्याही पीसीवर सारखं दिसावं असं वाटत असेल तर 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांसारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट प्रोग्रामसोबतच द्या. क्यूटीमध्ये फॉन्टची फाइल थेट प्रोग्रामच्या आत वाचता येते, टीके ८.६ मध्ये अशी सरळ सोय नाही, फॉन्ट आधी विंडोजमध्ये बसवावा लागतो. आणि जुन्या एक्सेलमधला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असेल तर तो कुठल्याही टूलकिटमध्ये अगम्यच दिसणार. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. त्याचं खापर टूलकिटवर फोडू नका.

पाचवी पायरी: एन्ट्री करणाऱ्याचा हात

स्टोअरमधल्या माणसाने टॅली वापरलेलं असतं. त्याचा हात एंटरवर चालतो: एंटर दाबलं की पुढची चौकट. सगळ्या टूलकिटमध्ये मात्र पुढे जायला टॅबची कळ असते. हे बदललं नाही तर पहिल्याच दिवशी "तुमचं सॉफ्टवेअर स्लो आहे" असं ऐकायला मिळतं. टीकिंटरमध्ये रिटर्न कळीला फोकस पुढे नेणारं फंक्शन बांधता येतं. क्यूटीत इव्हेंट फिल्टर लिहून सगळ्या फॉर्मला एकदाच ही सवय लावता येते.

पार्टीचं नाव टाइप करताना खाली सूचना यायला हव्यात, आणि नावाच्या मधला शब्द टाइप केला तरी यायला हव्यात. 'श्री' ने सुरू होणारी पाच नावं असली की सुरुवातीवरून शोधणं निरुपयोगी ठरतं. क्यूटीत क्यूकम्प्लीटर हे तयार देतो, 'कुठेही जुळलं तरी चालेल' असं एक सेटिंग केलं की झालं. टीटीकेच्या कॉम्बोबॉक्समध्ये ते हाताने लिहावं लागतं. तारखेची चौकट क्यूटीत आहे आणि दिवस-महिना-वर्ष हा आपला क्रम तिला सांगता येतो. टीकिंटरमध्ये मुळात तारखेची चौकट नाहीच, बाहेरून लायब्ररी आणावी लागते.

यादीचंही तसंच. टीटीकेचं ट्रीव्ह्यू काही हजार ओळी दाखवतं, ओळींना रंगही देतं, पण प्रत्येक ओळ आधी त्यात भरावी लागते. क्यूटीची यादी, म्हणजे क्यूटेबलव्ह्यू, मॉडेलकडे (डेटा पुरवणाऱ्या तुमच्या क्लासकडे) फक्त दिसणाऱ्या ओळी मागते, त्यामुळे पाच वर्षांची चलानं एका यादीत असली तरी सरकवताना अडत नाही. मॉडेल लिहायला शिकणं हे क्यूटीतलं सगळ्यात चढाचं वळण आहे. पण ते एकदा समजलं की मुदत संपत आलेल्या लॉटला रंग देणं हे दोन-तीन ओळींचं काम राहतं.

सहावी पायरी: कागद

जॉबवर्कमध्ये माल चलानसोबत हलतो, म्हणून छपाई जमली नाही तर प्रोग्राम कितीही चांगला असला तरी चलान बुक परत बाहेर येतं.

टीके ८.६ वर चालणाऱ्या टीकिंटरमध्ये छपाईची सोय नाही. लोक पीडीएफ बनवून ती छापतात, आणि पीडीएफसाठी रिपोर्टलॅब घेतात. रिपोर्टलॅब इंग्रजीला झकास, पण मुळात ते देवनागरीची जोडाक्षरं जुळवत नाही, आणि पार्टीचं मराठी नाव कागदावर फुटतं. क्यूटीमध्ये मजकूर एचटीएमएलसारखा मांडून तोच दस्तऐवज प्रिंटरला किंवा पीडीएफला देता येतो, छपाईआधी पाहण्याची विंडो तयार मिळते, आणि जे स्क्रीनवर दिसलं तेच मराठी कागदावर येतं. माझ्या मते जॉबवर्कच्या प्रोग्रामसाठी क्यूटी निवडण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच. डब्ल्यूएक्सपायथनमध्येही एचटीएमएल छापण्याची सोपी सोय आहे, ती विसरू नका.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर गणित फिरतं. कार्बन लावून तीन प्रती एका फटक्यात निघतात म्हणून बऱ्याच गाळ्यांत तो अजून आहे. त्याच्याकडे नुसता मजकूर पाठवला तर तो झपाझप छापतो; विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत चित्र म्हणून पाठवला तर कर्र-कर्र करत सावकाश. इंग्रजी चलानसाठी पायविन३२ या विंडोजशी बोलणाऱ्या लायब्ररीतून मजकूर कच्च्या रूपात थेट प्रिंटरला पाठवा, टूलकिटचा त्यात संबंध उरत नाही. मराठी हवी असेल तर चित्र म्हणूनच पाठवावं लागेल आणि वेळ लागेल, हे शेठना आधीच सांगून ठेवा.

सातवी पायरी: काटा जोडायचा असेल तर

किलोवर चालणाऱ्या मालासाठी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा सिरियल केबलने पीसीला जोडता येतो. काट्याकडून आकडा येईपर्यंत प्रोग्राम थांबून राहिला तर विंडो पांढरी पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, कारण स्क्रीन रंगवणं आणि कळा ऐकणं ही कामं एकाच मुख्य थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालतात. काट्याचं वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये न्या, आणि त्या थ्रेडमधून विजेटला कधीही हात लावू नका. टीकिंटरमध्ये आकडा रांगेत टाकून मुख्य थ्रेडमधून थोड्या थोड्या वेळाने रांग तपासतात. क्यूटीत सिग्नल पाठवला की तो दुसऱ्या थ्रेडमधून मुख्य थ्रेडपर्यंत सुरक्षित पोचतो; शिवाय क्यूटीचा स्वतःचा सिरियल पोर्ट आहे, तो वापरला तर वेगळा थ्रेडही लागत नाही.

आठवी पायरी: परवाना वाचा

प्रोग्राम पैसे घेऊन देणार असाल तर हे टाळता येत नाही. पायक्यूटी जीपीएल परवान्याखाली किंवा विकतच्या परवान्याखाली मिळतं. जीपीएल घेतलं तर ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. पायसाइड एलजीपीएलखालीही मिळतं: तुमचा कोड बंद ठेवता येतो, पण परवान्याचा मजकूर सोबत द्यायचा आणि वापरणाऱ्याला क्यूटीच्या फाइल बदलता येतील अशी मांडणी ठेवायची. क्यूटीमधले सगळे भाग मात्र एलजीपीएलखाली नाहीत. क्यूटी चार्ट्स जीपीएल किंवा विकत आहे. आलेख हवा असेल तर एमआयटी परवान्याचं पायक्यूटीग्राफ वापरा. टीकिंटर आणि डब्ल्यूएक्सपायथन यांत बंद कोडला अडसर नाही.

नववी पायरी: अर्ध्या दिवसाची परीक्षा, मग निर्णय

दोन उमेदवार निवडा आणि एकच स्क्रीन दोन्हींत बनवा: चलानचा फॉर्म, खाली पाचशे बनावट ओळींची यादी, आणि प्रिंट बटण. डेटाबेस नको, सजावट नको. दोन्ही गाळ्यातल्या पीसीवर नेऊन स्टोअरच्या माणसाला पाच चलानं टाकायला सांगा. मागे उभे राहा आणि बोलू नका. तो कुठे माउसकडे हात नेतो, कुठे थबकतो, काय दोनदा दाबतो, ते लिहून घ्या.

आपल्या उदाहरणातल्या गाळ्याला मी पायसाइड६ देईन, पीसी विंडोज १० किंवा ११ चा ६४ बिट असेल तर. मराठी, यादी आणि छपाई या तिन्ही गोष्टी त्यात हाताला लागतात. एकच स्क्रीन असलेलं काम असेल, म्हणजे फाइल निवडा, बटण दाबा, अहवाल घ्या एवढंच, तर टीकिंटर. त्यासाठी क्यूटीचा पसारा कशाला? क्यूटी शिकायला वेळ नसेल आणि काम फक्त विंडोजवर असेल तर डब्ल्यूएक्सपायथन हा दुर्लक्षित पण प्रामाणिक पर्याय आहे.

आणि एकापेक्षा जास्त पीसी असतील, म्हणजे महापेत गोडाऊन आणि ठाण्यात ऑफिस, किंवा शेठना मोबाइलवर यादी बघायची असेल, तर डेस्कटॉप टूलकिटचा विचार सोडा. एका पीसीवर सर्व्हर चालवा आणि बाकीच्यांना ब्राउझर द्या. गाळ्याबाहेरून बघायचं असेल तर तो सर्व्हर उघडा इंटरनेटवर न टाकता व्हीपीएनमागे ठेवा. एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून दोन पीसींवरून उघडण्याचा मोह होतो. नेटवर्कवर फाइलचं कुलूप भरवशाने चालत नाही आणि डेटाबेस बिघडू शकतो, एसक्यूलाइटचे कर्ते स्वतःच यापासून सावध करतात.

दहावी पायरी: बांधून देणं

गाळ्याच्या पीसीवर पायथन बसवू नका, पायइन्स्टॉलरने बांधलेला प्रोग्राम द्या. तो ज्या सिस्टिमवर बांधाल त्याच सिस्टिमसाठी चालतो. मॅकवर बसून विंडोजची फाइल बनत नाही. सगळं एका एक्झी फाइलमध्ये कोंबण्याचा पर्याय आकर्षक असतो, पण तशी फाइल दर वेळी आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते म्हणून उशिरा उघडते, आणि अँटिव्हायरस तिच्यावर संशय घेण्याची शक्यताही जास्त. फोल्डरच्या स्वरूपात बांधा आणि इनो सेटअपने इन्स्टॉलर करा. एलजीपीएलची अटही त्यात सहज पाळली जाते. पायसाइडचा संपूर्ण संच बसवू नका, आवश्यक भागांचं 'एसेन्शियल्स' पॅकेज घ्या. सिरियल पोर्ट मात्र 'ॲडऑन्स' मध्ये येतो, काटा जोडायचा असेल तर तेही लागेल.

डेटाबेसची फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका, तिथे साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. प्रोग्रामडेटा फोल्डर बरा. बॅकअपसाठी चालू फाइल कॉपी करण्याऐवजी पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमधलं बॅकअप फंक्शन वापरा; पेन ड्राइव्हवर रोज संध्याकाळी बंद करताना आपोआप होऊ द्या. प्रोग्राममधली प्रत्येक न पकडलेली चूक तारीख-वेळेसह लॉग फाइलमध्ये जायला हवी, आणि विंडोच्या शीर्षकपट्टीत आवृत्तीचा क्रमांक दिसायला हवा, म्हणजे गाळ्यातून फोन आला की "वर काय आकडा दिसतो?" एवढं विचारून कामाला लागता येतं.